डेंग्यूचे आकडे समितीला कसे दाखवायचे?

प्रश्न: आमच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीत मी दरवेळी वाडीवार एक्सेल शीट वाचते, सगळे नुसत्या माना डोलावतात आणि शेवटी जो मोठ्याने बोलेल त्याच्याच गल्लीत धुरळणी होते. काय करू?

उत्तर १: टेबल सोडा ताई, नकाशा काढा. कार्डशीटवर गल्ल्या, टाक्या हाताने काढायच्या, पेशंटला लाल टिकली, डासांच्या अळ्या सापडल्या तिथे निळी. जॉन स्नो या डॉक्टरने लंडनमधले १८५४ चे कॉलराचे मृत्यू असेच नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवतीची मृत्यूंची गर्दी लगेच नजरेत भरते.

उत्तर २: बरोबर, पण मोठ्या वाडीत टिकल्या जास्त दिसणारच ना, म्हणून १०० घरांमागे किती घरांत अळ्या, म्हणजे हाउस इंडेक्स, तोही वाडीखाली लिहा. आलेख काढलात तर ताप सुरू झाल्याची तारीख घ्या, रिपोर्टची घेतली की साथ उशिरा चढल्यासारखी दिसते.

उत्तर ३: टिकली घरावर नको, गल्लीवरच लावा, नाव तर अजिबात नको, गावात लगेच बोटं दाखवतात. आणि धुरळणीने उडणारे डास मरतात, अळ्या नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मग कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी-टाक्या रिकाम्या करून कोरड्या करायचा दिवस, कुठल्या गल्लीपासून सुरू करायचा ते नकाशासमोर बसूनच ठरवा, खूप फरक पडतो.