मदत हवी आहे: नववीच्या मुलांना जपान शिकवायचाय, सुविचारांच्या फळ्यावरचा नव्हे

नमस्कार मंडळी,

शिरोळ तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शनिवारच्या तासांना नववीच्या मुलांबरोबर एक परका देश नीट समजून घ्यायचा, असं आम्ही शिक्षकांनी ठरवलं आणि देश कुठला ते मुलांवर सोपवलं. मुलांनी हात वर करून जपान निवडला. मला आनंदच झाला, कारण या देशाबद्दल मी मिळेल ते वाचत आले आहे. पण तासांची आखणी करायला बसले आणि दोन-तीन ठिकाणी अडले. इथे शिक्षक आहेत, जपानी शिकलेले आहेत, तिकडे राहणारेही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

चाचपणी म्हणून मुलांना जपानबद्दल माहीत असेल ते कागदावर लिहायला सांगितलं. बुलेट ट्रेन, कार्टून, हिरोशिमा, भूकंप, आणि जवळपास प्रत्येक कागदावर 'जपानी लोक शिस्तप्रिय, कष्टाळू व प्रामाणिक असतात'. हे वाक्य मला खोडायचं नाही, पण तेवढ्यावर थांबायचंही नाही. त्यात माणसं दिसत नाहीत. बारा कोटींहून जास्त लोकांच्या देशात भांडणारी, कंटाळलेली, सरकारवर चिडलेली, शाळा नको म्हणणारी माणसं असणारच, आणि आमच्या पोरांना तीच आधी ओळखीची वाटतील.

तिथल्या शाळेत मुलं वर्ग झाडतात, ओली फडकी घेऊन ओणव्यानं व्हरांडा पुसत पळतात, त्याची एक छोटी चित्रफीत दाखवली. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बाई, आमीबी झाडतोय की रोज." खरंच आहे. मग एका मुलीनं विचारलं, "तिथं संडास कोण धुतं?" बऱ्याच शाळांत तेही मुलंच पाळीपाळीनं धुतात, असं मी सांगितलं. त्यावर दोघीतिघी एकदम म्हणाल्या, "सगळ्यांचीच पोरं?" आपल्याकडे ते काम कोणाच्या वाट्याला येतं हे चौदा वर्षांच्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. मला तो प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला धरून पुढे कसं जावं, हे हवं आहे.

इतिहासाचा पहिला भाग बराचसा जमलाय. १८५३ मध्ये कमोडोर पेरी अमेरिकी युद्धनौका घेऊन उरागाच्या किनाऱ्यावर आला, १८६८ मध्ये तोकुगावा या लष्करी राज्यकर्त्या घराण्याची अडीचशेहून जास्त वर्षांची सत्ता संपली, हे झरझर सांगून मी १८७२ च्या शिक्षण कायद्यावर थांबणार आहे. गावोगाव शाळा काढायच्या, सगळ्या मुलामुलींनी शिकायचं, असा सरकारी हुकूम निघाला. पण फी आईबापांनी भरायची आणि शाळेचा खर्च बराचसा गावानं उचलायचा. शेतातले कामाचे हात जाणार, वर पैसेही मोजायचे. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणि असल्या नव्या बोज्यांविरुद्ध शेतकरी उठले, आणि काही भागांत त्यांनी शाळाच जाळल्या. प्राथमिक शाळेची फी माफ व्हायला १९०० साल उजाडलं. 'आज्ञाधारक जपान' या कल्पनेला यानं चांगलाच तडा जातो. त्या गावात तुम्ही असता तर कोणाच्या बाजूनं उभे राहिला असता, असं मी मुलांना विचारणार आहे. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं शाळेत का टिकत नाहीत, हे ती दर हंगामात बघतात, तेव्हा उत्तरं पुस्तकी येणार नाहीत.

त्यालाच जोडून महर्षी कर्वे. नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये तोक्योत जपान महिला विद्यापीठ काढलं. त्याची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली, १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. तेच आजचं एसएनडीटी. मुलींना हे फार आवडेल अशी माझी खात्री आहे.

खरी अडचण दुसऱ्या महायुद्धाची. मुलांच्या मनात तेव्हाचा जपान दोनच रूपांत आहे: नेताजींना साथ देणारा आणि अणुबॉम्ब सोसणारा. दोन्ही खरं. पण १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया दाबून ठेवणारा आणि १९३७ मध्ये चीनमधल्या नानजिंगला कत्तल करणारा जपानही तोच. आणि आपल्यासाठी हा गुंता अंदमानात जास्तच घट्ट होतो. मार्च १९४२ मध्ये जपाननं ती बेटं घेतली. डिसेंबर १९४३ च्या अखेरीस नेताजी पोर्ट ब्लेअरला आले, तिरंगा फडकला. त्याच काळात सेल्युलर जेलमध्ये हेरगिरीच्या संशयावरून भारतीयांचाच छळ चालला होता. तिथले डॉक्टर दिवाण सिंग त्या छळानं जानेवारी १९४४ मध्ये गेले, आणि महिना संपता संपता अंदमानातल्याच होम्फ्रेगंजला ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. झेंडा फडकला त्यानंतर महिन्याभरातली ही गोष्ट.

हे नववीच्या मुलांना कसं सांगायचं? 'मग नेताजी चुकले का?' हा प्रश्न येणार, आणि तो एका तासात घाईनं मिटवण्यासारखा नाही. दुसरी भीती अशी की मुलं 'जपानी क्रूर असतात' असं नवं वाक्य पाठ करतील. 'शिस्तप्रिय' पुसून तिथे 'क्रूर' लिहायला मी हा उपक्रम घेत नाहीये. शिवाय आमच्या भागात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, पिढ्यान् पिढ्या फौजेत गेलेली घरं आहेत. काही मुलांचे पणजोबा ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले. ती मुलंही याच वर्गात बसतात.

कोणी हा भाग शाळेत शिकवला असेल तर कसा शिकवला ते कळवा. आजच्या जपानमधलं रोजचं जगणं दाखवायला काय वापरता येईल, तेही सांगा. चेरीची फुलं, किमोनो आणि चहाचा सोहळा याची चित्रं भरपूर मिळाली आहेत, ती नकोत.

प्रतिसाद (साताऱ्याहून, निवृत्त इतिहास शिक्षक)

ताई, पणजोबांपासूनच सुरुवात करा. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपानी फौजेला अडवणाऱ्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. त्याच मोहिमेत जपान्यांच्या सोबतीनं आझाद हिंद सेनेचे जवान इम्फाळकडे निघाले होते. म्हणजे दोन्ही बाजूंना भारतीय. आणि समोरचा जपानी शिपाई म्हणाल, तर त्यांच्यातले कितीतरी जण गोळीनं कमी आणि उपासमारीनं, रोगानं जास्त मेले, कारण रसदीची धड सोय न करताच त्यांच्या सेनापतींनी त्यांना डोंगरात घातलं होतं. मी वर्गात मुलांना तिघांच्या वतीनं घरी पत्र लिहायला लावत असे: एक मराठा जवान, एक सिंगापूरला कैद होऊन मग आझाद हिंद सेनेत गेलेला, एक जपानी शेतकऱ्याचा मुलगा. तिन्ही पत्रं एकापाठोपाठ वाचली की 'जपान मित्र की शत्रू' हा प्रश्न मुलं आपणहून बाजूला ठेवतात.

अंदमान गाळू नका. तारखा क्रमानं फळ्यावर लिहा आणि त्या काळात कोणाला काय दिसत होतं, कोणापासून काय लपवलं जात होतं, एवढंच विचारा. नेताजी चुकले की नाही यावर हात वर करायला लावू नका. नानजिंगची छायाचित्रं मात्र या वयाला दाखवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हिरोशिमा शिकवताना शांततेची खूण म्हणून कागदी करकोचे करून घ्याच, पण शांती उद्यानातल्या कोरियन मृतांच्या स्मारकाचाही फोटो दाखवा. बॉम्ब पडला तेव्हा शहरात हजारो कोरियन होते, कित्येकांना सक्तीनं कामाला आणलेलं. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते उद्यानाच्या बाहेर, आणि आत यायला १९९९ उजाडलं. ते बाहेर का होतं, या एका प्रश्नावर अख्खा तास जातो.

प्रतिसाद (जपानमधल्या सायतामाहून)

माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत सहावीला आहे, त्यामुळे रोजचं सांगू शकते. 'जपानच्या शाळांत सफाईला माणसंच नसतात' असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खरं नाही. देखभालीला माणूस असतो. मुलांची सफाई हा शिक्षणाचा भाग म्हणून वेगळी. दुपारचं जेवण मुलंच वाढतात. वाढायची पाळी आली की पांढरा कोट आणि टोपी. शुक्रवारी तो कोट पिशवीत घालून घरी येतो, आम्ही धुऊन इस्त्री करून सोमवारी परत पाठवतो, आणि त्या आठवड्यात तो दुसऱ्याच मुलाच्या अंगावर असतो. तुमच्या त्या मुलींना हे जरूर सांगा: आधी कोणी घातला होता, असं इथे कोणी विचारत नाही.

पण सगळं गोड नाही. २०२३-२४ मध्ये प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक मिळून तीन लाखांहून जास्त मुलं दीर्घकाळ शाळेत गेली नाहीत, हा शिक्षण मंत्रालयाचाच आकडा. कारणं अनेक, पण मन शाळेत लागेनासं होणं हे त्यात मोठं. नववीच्या मुलांशी यावर बोलायलाच हवं.

शिरोळ म्हटल्यावर २०१९ चा महापूर आठवला, म्हणून एक सुचवते. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीच्या दिवशीच्या दोन शाळा शेजारी ठेवा. कामाइशीत माध्यमिकची मुलं हादरे थांबताच उंचावर पळाली, त्यांना बघून प्राथमिकची निघाली, मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेली जागा धोक्याची वाटली तशी अजून वर गेली आणि वाचली. इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत मागेच डोंगर असताना मुलं पाऊण तासाहून जास्त वेळ मैदानात थांबली. १०८ पैकी ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालकांनी 'नशिबाची गोष्ट' म्हणून सोडून दिलं नाही. काही कुटुंबं कोर्टात गेली, २०१८ मध्ये सेंदाई उच्च न्यायालयानं शाळेची आपत्ती-तयारीच अपुरी होती असं ठरवलं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम झाला. शिस्त कधी वाचवते आणि कधी नाही, हे तुमच्या पूर बघितलेल्या मुलांना आमच्यापेक्षा लवकर कळेल.

प्रतिसाद (नागपूरहून)

'सगळ्यांचीच पोरं?' याचं जपानी उत्तरही तिथल्या इतिहासात आहे. कातडी कमावणं, मेलेली जनावरं ओढणं अशा कामांवरून ज्यांना पिढ्यान् पिढ्या वस्तीबाहेर ठेवलं, त्या बुराकु समाजाला १८७१ च्या फर्मानानं कागदावर बरोबरी मिळाली. लग्नात, नोकरीत भेदभाव चालूच राहिला. तेव्हा त्यांनी स्वतःच संघटना उभी केली: सुइहेइशा, ३ मार्च १९२२, क्योतो. 'मूकनायक' १९२०, महाड १९२७. मध्ये हे १९२२ लिहा आणि मुलांना बघू द्या. जपानमधल्या कोयासान विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि आमच्या दीक्षाभूमीवरचे भदन्त सुरेई ससाई मूळचे जपानचेच.

धागाकर्ती

सर, पत्रांची कल्पना जशीच्या तशी उचलते आहे. पणजोबांची माहिती घरून आणायला मुलांना आजच सांगते. सुइहेइशाबद्दल मी फक्त नाव वाचलं होतं. महाडच्या शेजारी ते साल ठेवायचं मला सुचलं नसतं. तो तास आता सफाईच्या चित्रफितीला लागूनच घेईन, युद्धाच्या आधी.

ओकावाचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. तो विषय शेवटी, मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन करेन, कारण त्यानंतर मुलं आमच्याच शाळेची पुराची तयारी विचारणार आणि तेव्हा उत्तर तयार हवं.

सायतामाच्या ताई, एक विनंती. तुमच्या मुलीला चालणार असेल तर एका शनिवारी व्हिडिओ कॉल जमेल का? आमच्याकडे सकाळचे साडेआठ म्हणजे तुमच्याकडे दुपारचे बारा. प्रश्न मुलं आधी लिहून पाठवतील, नको वाटतील ते तिनं गाळावेत. आणि तो पांढरा कोट कॉलवर दाखवता आला तर फार बरं होईल.