बंदिस्त जागेत उतरणाऱ्या कामगारांसाठी व्हीआर (आभासी वास्तव) प्रशिक्षण घ्यावे का?

प्रश्न
आमच्याकडे साठवण टाक्या आणि सांडपाण्याच्या विहिरी आत उतरून साफ कराव्या लागतात. चित्रफीत दाखवून दिलेले प्रशिक्षण अंगवळणी पडत नाही, आणि सरावासाठी खऱ्या टाकीत विषारी वायू सोडणे अर्थातच शक्य नाही. हेडसेट लावून करायचा आभासी सराव कितपत उपयोगी पडतो आणि तो निवडताना काय पाहावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर
जरूर घ्यावा, पण निर्णयांच्या सरावासाठी. बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असे अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली नोंदवले होते. सहकारी डोळ्यांसमोर कोसळला असताना आत उडी न घेता मदत बोलावणे आणि हार्नेसला (अंगावर बांधलेल्या सुरक्षा पट्ट्यांना) जोडलेल्या दोराने त्याला बाहेरूनच ओढून काढणे, हा संयम आभासी टाकीत पुन्हा पुन्हा घोटून घेता येतो.

निवडताना मी सर्वांत आधी कार्यक्रमातला गॅस डिटेक्टर, म्हणजे हवेतील वायू मोजणारे यंत्र, पाहीन. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू हा मोजण्याचा क्रम त्यात पाळलेला असावा, कारण ज्वलनशील वायू मोजणाऱ्या अनेक सेन्सरांना योग्य आकडा दाखवण्यासाठी पुरेसा ऑक्सिजन लागतो. टाकीत वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळे आकडे दिसायला हवेत. विषारी हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, ज्वलनशील मिथेन हलका. डिटेक्टरची नळी टाकीत सोडताक्षणी आकडा दाखवणारा कार्यक्रम घेऊ नये, कारण प्रत्यक्षात हवा नळीतून वर यायला वेळ लागतो आणि न थांबण्याची सवय जिवावर बेतते. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास पोहोचले की त्याचा वास येणेच बंद होते, हेही त्यातील एखाद्या प्रसंगात असावे.

दुसरे उत्तर
वरील मताशी सहमत आहे. मात्र श्वसनसंचाचे वजन, अरुंद तोंडातून आत शिरताना होणारी घुसमट आणि बेशुद्ध माणसाचा भार हेडसेटमध्ये जाणवत नाही. त्यासाठी रिकाम्या, सुरक्षित नमुना टाकीत पुतळा ठेवून ट्रायपॉड (तिपाई) आणि विंचने (दोर गुंडाळणाऱ्या चरखीने) तो वर काढण्याचा सराव वेगळा घ्यावाच लागेल. काहींना हेडसेटमुळे मळमळते, म्हणून सत्रे छोटी ठेवावीत.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बाहेर पहारा देणाऱ्यालाही हेच सत्र द्यावे का?

पहिले उत्तर देणारे
त्याला तर आधी द्यावे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली उतरताच आतल्यांना बाहेर बोलावण्याचा निर्णय अनेकदा त्यालाच घ्यावा लागतो.