राणे मेजर आणि नंतरचं आयुष्य

परमवीरचक्र म्हटलं की हुतात्मेच डोळ्यांपुढे येतात, असं म्हणतात आणि ते पटतंही. पण त्यात राम राघोबा राणे यांचं नाव राहून जातं की! हा मान जिवंतपणी मिळवणारे ते पहिलेच. कारवारजवळच्या चेंडियाचे, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशची आघाडी आधीच पाहिलेली. एप्रिल १९४८ मध्ये, पाकिस्तानशी झालेल्या काश्मीर युद्धात, जम्मूतल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर जखमी असूनही माऱ्याखाली सुरुंग काढत, रस्त्यात आडवी टाकलेली झाडं उडवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्यापुढचं जास्त भावतं: १९५५ मध्ये लग्न, मुलंबाळं, १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्ती, १९९४ मध्ये पुण्यात निधन. इतके सुरुंग हाताळूनही जवळपास चाळीस वर्षं संसार केला माणसाने. कारवारच्या किनाऱ्यावर, आयएनएस चपळ या युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी त्यांचा पुतळा आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी थोडं पुढे जाऊन जरूर पाहावा.