दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ एआयकडून करून घ्यावं का?

नाशिककर_मी

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाचा दिवाळी अंक मी बघते, अंक छोटाच आहे, जाहिरातींवर कागद आणि छपाई कशीबशी निघते. मुखपृष्ठ आणि कथांची रेखाटनं आत्तापर्यंत गावातलेच एक चित्रकार काका करत आलेत. परवाच्या मीटिंगमध्ये कमिटीतल्या एकाने बसल्या बसल्या मोबाइलवर एआयला 'दीनानाथ दलाल स्टाइल, नऊवारीतली बाई, हातात पणती' असं सांगून (दलाल म्हणजे जुन्या मराठी मुखपृष्ठांचे नावाजलेले चित्रकार) चार मुखपृष्ठं काढून दाखवली, आणि लांबून बघितली तर खरंच देखणी दिसतात. सगळे म्हणाले मग काकांना मानधन कशाला द्यायचं, ते पैसे लेखकांना देऊ. मला हे पटत नाहीये पण बोलताना फक्त 'बरं नाही वाटत' एवढंच तोंडातून निघालं. भावना सोडून काही ठोस कारण आहे का? आणि कायद्याने असं छापलेलं चालतं का? 'कलाकाराला मदत' वगैरे कारण नकोय, ते काकांनाही आवडणार नाही.

कुंचला_पुणे

मी इलस्ट्रेशनचंच काम करते त्यामुळे तटस्थ नाहीये हे आधीच सांगते. ती चारही चित्रं जरा मोठी करून बघा. माझ्याकडे अशी चित्रं आता रोज येतात आणि त्यात ठरलेल्या गोष्टी चुकतात, नऊवारी म्हणतात पण कासोटाच नसतो, समोर निऱ्या आणि मागून सरळ पाचवारी, नथ उजव्या नाकपुडीत, तुळशीवृंदावनाच्या जागी नुसती कुंडी. आणि चेहरा पाहिलात तर ती बाई कुठलीच नसते, ना खानदेशातली ना कोकणातली, जाहिरातीतली गोरीगोमटी.

पण चुका हा माझा मुख्य मुद्दा नाही, त्या वर्षा-दोन वर्षांत सुधारतील. रेखाटन करणारा माणूस आधी कथा वाचतो. मी तरी लेखकाला फोन करून विचारते की वाडा देशावरचा की कोकणातला, आजी सोवळ्यातली आहे का, कारण त्यावर पदर कसा घेतलाय तेही बदलतं. एका कथेत सून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही, तर मी तिला पाठमोरी काढली, लेखिकेने नंतर सांगितलं की असं तिच्याही डोक्यात नव्हतं. प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, लिहिणाऱ्याने कथा वाचलेली असेलच असं नाही, आणि मशीनला तर ती कोणाची कथा आहे याच्याशी देणंघेणंच नाही.

दुसरं म्हणजे, आमच्यातला प्रत्येकजण असल्याच छोट्या कामांवर शिकलाय. कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराला कोणी पहिल्या दिवशी मोठ्या कादंबरीचं मुखपृष्ठ देत नाही, तो दिवाळी अंकांची रेखाटनं, पाठ्यपुस्तकातली बारीक चित्रं, पुरवणीचे कोपरे करत करत हात बसवतो. ती कामं गेली की दहा वर्षांनी चांगला चित्रकार आणायचा कुठून? आत्ताच मला एका प्रकाशनाकडून एआयचं चित्र येतं आणि सोबत 'फक्त बोटं दुरुस्त करून द्या', पैसे निम्मेही नाहीत. ते चित्र काढायचा आनंद गेला आणि शिकणंही गेलं, उरली ती फक्त डागडुजी.

सांगलीकर७२

कुंचलाताई तुमचं दुःख समजतं, पण थोडी दुसरी बाजू. प्रत्येक नवीन तंत्राच्या वेळी हेच बोललं गेलंय. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि एरवी ज्यांना कधी तैलचित्र विकत घेता आलं नसतं अशांच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. आमच्या आजोळी अजून एक आहे, रंग उडालेली. फ्लेक्स आल्यावर बोर्ड रंगवणारे पेंटर गेले हे खरं, मला त्याचं आजही वाईट वाटतं, पण गावातल्या छोट्या दुकानदाराला पाटी परवडायला लागली हेही खरंच ना. छोट्या मंडळाकडे पैसेच नसतील तर बिनचित्राचा अंक काढायचा का?

कुंचला_पुणे

सांगलीकरकाका, रविवर्मा प्रेसचं उदाहरण मला उलटं वाटतं. तिथे मूळ चित्र एका माणसाने काढलेलं होतं, त्याचं नाव प्रेसवर होतं, आणि प्रत्येक रंगाचा वेगळा दगड तयार करायला कसबी माणसं लागायची, म्हणजे एका कलेतून दुसऱ्या दहा जणांना काम मिळालं. इथे ज्यांच्या चित्रांवर मशीन शिकलं त्यांना कोणी विचारलंही नाही. आणि बिनचित्राचा अंक का, दोनच कथांना रेखाटनं द्या पण माणसाकडून घ्या.

कायदेवाली_ठाणे

+१ कुंचला. आता कायद्याचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा) १९९४ साली दुरुस्ती झाली, त्यात संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती 'घडवून आणणारी' व्यक्ती असं म्हटलंय. पण तेव्हा आजच्यासारखं एआय कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे प्रॉम्प्ट लिहिणारा म्हणजे कर्ता का, यावर वाद आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये एका कॉमिकबाबत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने मजकूर आणि मांडणीला संरक्षण दिलं पण एआयच्या चित्रांना नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की तुमचं मुखपृष्ठ उद्या दुसऱ्याने उचललं तर ते आमचं आहे हे सांगणं कठीण जाऊ शकतं.

दलालांबद्दल, शैलीवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे 'स्टाइल' म्हणून अडवता येणार नाही, पण त्यांच्या एखाद्या चित्राची ओळखू येईल अशी नक्कल निघाली तर प्रश्न येऊ शकतो. ते १९७१ ला गेले आणि आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे २०३१ संपेपर्यंत. आवाजाच्या बाबतीत कोर्ट जास्त कडक झालंय, एआयने आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगना आणि २०२५ मध्ये आशा भोसलेंना अंतरिम दिलासा दिला. चित्रकाराच्या रेषेला तसं काही अजून नाही आणि ते मला फार अन्यायाचं वाटतं, रेषासुद्धा आवाजाइतकीच स्वतःची असते.

डेटावाला

जरा तांत्रिक. २०२२ मध्ये आलेल्या लायन-५बी नावाच्या एका डेटासेटमध्ये इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५८५ कोटी चित्रांच्या लिंक आणि मथळे होते, अशा साठ्यावर ही चित्रं काढणारी एआय मॉडेल शिकतात. सुरुवात नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून होते आणि तो टप्प्याटप्प्याने साफ करत चित्र तयार होतं, आणि साफ करताना, शिकण्याच्या वेळी जे सगळ्यात जास्त वेळा दिसलंय त्याकडे ते झुकतं. नेटवर 'इंडियन वुमन दिवाळी' म्हणून जे फोटो पडलेत तेच तुम्हाला परत मिळणार, कासोटा तिथे कमीच. सगळ्यांनीच अशी मुखपृष्ठं केली तर स्टॉलवरचे अंक एकमेकांची भावंडं दिसतील.

नाशिककर_मी

सगळ्यांचे मनापासून आभार. ती चित्रं आत्ताच मोठी करून बघितली, चारपैकी तीन बायकांना कासोटा नाही आणि 'दिवाळी'तला 'ळ' दोन ठिकाणी भलताच आहे. कमिटीपुढे मी असं मांडणार आहे की मुखपृष्ठ आणि दोन कथांची रेखाटनं माणसाकडूनच, बाकी पानं बिनचित्राची राहिली तरी चालतील. शिवाय मुखपृष्ठ काकांकडे ठेवून रेखाटनं एखाद्या नवीन मुलाकडे द्यावीत असं मनात आहे, काकाच त्याला हाताशी घेतील. कुंचलाताई, नाशिकच्या आसपास कोणी आहे का?

कुंचला_पुणे

आहे, एक मुलगी आहे, शाईचं काम फार छान करते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. कथा पूर्ण पाठवा, सारांश नको, आणि लवकर पाठवा, गणपतीनंतर सगळ्यांचीच घाई सुरू होते. मानधन आधी बोलून घ्या आणि अनुक्रमणिकेत तिचं नाव लेखकाच्या नावाशेजारी छापा.