जनरल मेस्से: संधिसाधू की सच्चा सैनिक?

रानवाटा:
इटालियन फौज म्हटलं की हात वर केलेले सैनिक, एवढंच आपण ऐकत आलो. जोव्हान्नी मेस्सेबद्दल वाचलं आणि चकित झालो. 1918 मध्ये माँते ग्रापाच्या लढाईत 'आर्दिती' धाडसी तुकडीचा म्होरक्या, 1941 मध्ये रशियात, 1943 मध्ये ट्युनिशियात. तिथे पकडला गेला आणि त्याच वर्षी दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन सैन्याचा प्रमुख झाला! हा संधिसाधूपणाच ना?

खडकीकर:
मला तसं वाटत नाही. माझे आजोबा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात होते, चौथ्या हिंदी डिव्हिजनबरोबर. मार्च 1943, ट्युनिशियातली मारेथची संरक्षक फळी. समोर झिगझाऊ वाडी. तिकडे ओढ्याला वाडी म्हणतात, हे आजोबा दर वेळी आधी सांगायचे. काठ ताशीव, तळाला चिखल. काटक्यांच्या मोळ्या बांधून त्यात टाकायच्या, म्हणजे वरून रणगाडे जातील. मोळी खांद्यावर असताना हात मोकळे नसतात, आणि गोळ्या तर येतच होत्या. पलीकडे इटालियन होते, मेस्सेचे. "ते पळपुटे नव्हते रे," आजोबा शेवटपर्यंत म्हणत. समोरून मारेथ फुटलं नाही. ब्रिटिश सेनापती माँटगोमरीला वाळवंटातून वळसा घालावा लागला.

रशियात साठेक हजार माणसं दिली होती मेस्सेला, ट्रक पुरेसे नाहीत. मुसोलिनीने तिथे दोन लाखांहून मोठी फौज धाडायचं ठरवलं तेव्हा त्याने तोंडावर विरोध केला. तो परतल्यावर दीड-दोन महिन्यांतच डॉन नदीच्या काठी त्या फौजेची वाताहत झाली. संधिसाधू माणूस असा विरोध करत नाही.

तांबडफुटी:
इथिओपिया आणि अल्बानिया विसरू नका. त्या स्वाऱ्यांतही तो होता. शौर्याने तो हिशोब मिटत नाही.

खडकीकर:
मान्य, मिटत नाहीच. पण 1943 चं बघा. 12 मेला मार्शलपद मिळालं, 13 मेला न्यूझीलंडच्या जनरल फ्रायबर्गपुढे शरणागती. सप्टेंबरात त्याच्या राजानेच दोस्तांशी तह केला. तो राजाचा सैनिक, राजाबरोबर गेला.

रानवाटा:
आजोबा नंतर इटलीत गेले का?

खडकीकर:
हो, 1944 च्या फेब्रुवारीत कॅसिनोला. तिथून जवळच माँते लुंगो डोंगरावर आधीच्या डिसेंबरात इटालियन सैनिक दोस्तांच्या बाजूने लढले होते. तेव्हा मेस्सेच त्यांचा प्रमुख होता. हे मला आजोबा गेल्यावर कळलं.