जुळे सोलापुरात इन्सुलिन नीट सांभाळणारं मेडिकल कसं ओळखायचं? (बजेट महिना २५००)

पुण्यातून_लेक
नमस्कार मंडळी. आई-बाबा जुळे सोलापुरात राहतात. बाबा ७१, आई ६६. बाबांना ३०/७० मिक्स इन्सुलिन आहे, ४० ची बाटली (मिलीला ४० युनिट), सकाळी २० युनिट आणि रात्री १२. शिवाय बीपीची टेल्मा एएम, रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन ७५, साखरेची मेटफॉर्मिन ५०० एसआर (हळूहळू विरघळणारी) दोन वेळा. आईला थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या धरून महिन्याला २५०० च्या वर जायचं नाही.
पर्याय तीन. घराच्या कोपऱ्यावरचं छोटं मेडिकल, ५ टक्के सवलत, दुपारी २ ते ५ बंद. सात रस्त्याकडचं मोठं दुकान, १८ टक्के आणि घरपोच. तिसरं ऑनलाइन, २० च्या पुढे. मे तोंडावर आला आहे, त्यामुळे खरी काळजी इन्सुलिनची. दुकानांची नावं देऊ नका, काय बघून ठरवायचं ते सांगा.

होटगीरोड_७
विचारच करू नका ताई, मोठं दुकान धरा. आणि बाटली सोडून बाबांना पेनवर घ्या. आकडा फिरवायचा आणि टोचायचं, सिरिंजच्या रेषा डोळे बारीक करून बघायला नकोत. सत्तरीच्या माणसाला तेच बरं. आमच्या घरी पेनच आहे, एक नंबर.

हिशेबी
बजेट वाचलंत का होटगीरोड? बाबांचे दिवसाला ३२ युनिट, म्हणजे ३० दिवसांचे ९६०. ४० ची १० मिलीची बाटली ४०० युनिटची, ती साडेबारा दिवस पुरते. महिन्याला तीन बाटल्या आणि थोडं उरतं. पेनचं काडतूस ३ मिलीचं, ३०० युनिटचं. दर टोचणीआधी २ युनिट हवेत सोडून बघावे लागतात, ते महिन्याचे १२०. एकूण १०८०, म्हणजे चार काडतुसं, वर सुया वेगळ्या. युनिटमागे बाटली बरीच स्वस्त पडते. बदल करायचा तर डॉक्टरांनी करावा, सवलतीच्या धाग्यावर नाही.
आता टक्केवारीबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुनी ११२ रुपये छापलेली स्ट्रिप नव्या दराने १०५ ची होते. ११२ वर १० टक्के सूट म्हणजे १००.८० आणि १०५ वर तीच सूट म्हणजे ९४.५०. जुना माल हातात आला तर सूट कुठल्या आकड्यावर धरली ते बिलात बघा.

काउंटरपलीकडे
मी फार्मासिस्ट आहे, म्हणून सवलत बाजूला ठेवून फ्रीजबद्दल लिहितो. न फोडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. दुकानात फ्रीज असतो, पण कित्येक ठिकाणी रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडतात. बोर्डाची आणि एसीची वीज वाचते, त्याच स्विचवर फ्रीज असेल तर तोही दहा तास बंद राहतो. सकाळी पुन्हा गार होतो आणि गिऱ्हाइकाला थंड बाटली मिळते. हाताला गार लागली म्हणजे नीट सांभाळली असं होत नाही.
म्हणून तीन गोष्टी विचारा. फ्रीजची लाइन वेगळी आहे का? इन्व्हर्टरवर आहे का? आत किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आहे का? तो असेल तर सकाळी शटर उघडल्याबरोबर जा आणि कमाल आकडा बघा, रात्रभरात काय झालं ते त्यात उतरलेलं असतं. दुपारी बंद ठेवणाऱ्या दुकानात ५ वाजताही बघा. थर्मामीटर नसेल तर फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून वर नाणं ठेवायला सांगा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला.
उलट चूकही तितकीच होते. सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरच्या लगेच खालच्या कप्प्यात किंवा मागच्या भिंतीला टेकून बाटली ठेवली की गोठते. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पुन्हा उपयोगाचं राहत नाही. मधला कप्पा, खोक्यासकट, आणि दारात नाही, कारण दार सारखं उघडतं. ३०/७० ची बाटली तळव्यांत दहा वेळा हळू फिरवली की सारखी दुधाळ दिसली पाहिजे. गुठळ्या राहिल्या किंवा काचेवर दव गोठल्यासारखा थर दिसला तर घेऊ नका. घरी नेल्यावर सतत थंडच ठेवावा लागणारा माल दुकान परत घेत नाही आणि घेऊही नये, तेव्हा काउंटरवरच उजेडात बघा.

बाळीवेस
फ्रीजचं बरोबर हाय, पण घरपोचचं कोण बोलायलंय? मे महिन्यात दुपारी दीडला पोरगा गाडीच्या डिकीत इन्सुलिन टाकून निघतोय, वाटेत अजून सहा घरं करतोय. डिकी तव्यागत तापती. सकाळी १० च्या आत नाहीतर संध्याकाळी ७ नंतर आणत असतील तरच घरपोच घ्यायचं. आणि पिशवीत जेल पॅक पाहिजे. बर्फाची पिशवी बाटलीला चिकटवून दिली तर ती बी नको, मधे कापड नाहीतर पुठ्ठा पाहिजे. ऑनलाइनवाल्यांचं तर गोदामापासून किती तास लागले ते कुणालाच ठाऊक नसतंय. गोळ्या मागवा हवं तर, इन्सुलिन अजिबात नको ताई.

नवीपेठ_जुने
एवढं फ्रीजचं कौतुक कशाला? ओल्या वाळूत मडकं ठेवायचं, त्यात वाटी, वाटीत बाटली. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, पाणी भराभर उडतं आणि मडकं छान गार राहतं. वीज गेली तरी फरक पडत नाही.

काउंटरपलीकडे
काका, मडकं चालू बाटलीसाठी ठीक. फोडलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या खाली बहुधा २८ दिवस टिकतं, नेमका आकडा आतल्या पत्रकात असतो. पण मडकं २ ते ८ अंशांपर्यंत कधीच उतरत नाही, त्यामुळे न फोडलेला साठा त्यात नको. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि मडक्याचा गारवा कमी होतो, तेही लक्षात घ्या.

नवीपेठ_जुने
मी चालू बाटलीचंच म्हणत होतो.

कंबरतलाव
जनऔषधी केंद्रात जा. टेल्मिसार्टन-अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, अ‍ॅस्पिरिन सगळं निम्म्याहून कमी भावात मिळतं. २५०० कशाला, त्यात दोघांचं होऊन उरेल. एवढी साधी गोष्ट कुणी लिहिली नाही.

काउंटरपलीकडे
भाव खरे आहेत. पण चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर शेड्यूल एचचं (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं) औषध स्वतःहून बदलून द्यायची परवानगी औषध नियम फार्मासिस्टला देत नाहीत, घटक तेच असले तरीही. म्हणून आधी डॉक्टरांकडून घटकाच्या नावाने चिठ्ठी लिहून घ्या, मग केंद्रात जा. थायरॉइडच्या गोळीचं मात्र जपून. कंपनी वारंवार बदलू नका. बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या.
चिठ्ठीचीच आणखी एक बाब. डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर शेड्यूल एचचं औषध एकदाच द्यायचं असतं. ‘तीन महिने चालू’ असं लिहून घ्या, म्हणजे दर महिन्याला काउंटरवर वाद होत नाही. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावू नका, मागणारं दुकान चांगलं समजा.

बाळीवेस
बिलाचं ऱ्हायलं. ‘बिल नको असेल तर अजून ५ टक्के देतो’ म्हणणाऱ्या दुकानात परत जायचं नाही. बिलावर बॅच नंबर, एक्सपायरी, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव पाहिजे. एखादी बॅच खराब निघाली म्हणून परत मागवली, तर तुमची तीच होती हे बिलाबिगर कसं कळणार? अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करायची झाली तरी पहिलं बिलच मागतात. टोल फ्री नंबर १८००२२२३६५.

हिशेबी
बिलाचा दुसरा उपयोग. आई-बाबा साठीच्या पुढे आहेत. त्यांचा आरोग्य विमा नसेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत (आधीच्या कायद्यातलं कलम ८०डी) औषधांचा खर्च वर्षाला ५०,००० पर्यंत वजावटीत धरता येतो. अट अशी की पैसे रोख दिलेले नकोत. यूपीआयने द्या आणि बिलं एका फाइलला लावा.

होटगीरोड_७
हे सगळं मोठ्या दुकानात आपोआप मिळतं. संगणकाचं बिल, मोठा फ्रीज, इन्व्हर्टर. म्हणूनच म्हणालो.

सिव्हिलजवळ
आपोआप नाही मिळत. मोठ्या दुकानात संध्याकाळी काउंटरवर सहा पोरं असतात आणि फार्मासिस्ट एक. पोरगं नावाची पहिली तीन अक्षरं बघून डबा काढतं. टेल्मा ४०, टेल्मा एच आणि टेल्मा एएम शेजारी शेजारी असतात. एएममध्ये अम्लोडिपिन असतं, एचमध्ये लघवी वाढवणारं औषध. एएमऐवजी एच महिनाभर गेली तर बीपी हलतं, सोडियम-पोटॅशियम खाली जाऊ शकतं आणि उन्हाळ्यात चक्कर येते. ग्लायकोमेट (हेही मेटफॉर्मिनच) आणि ग्लायकोमेट जीपी यांचंही तसंच. जीपीमध्ये ग्लिमेपिराइड जास्तीचं आहे, इन्सुलिनवरच्या माणसाला चुकून गेली तर साखर एकदम खाली येते.
म्हणून जुनी रिकामी स्ट्रिप सोबत न्यायची आणि नवीशी घटकांची बारीक ओळ जुळवायची, ब्रँडची मोठी अक्षरं नाही. दुकानात शिरल्यावर भिंतीवर परवाना आणि फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र बघा, फोटोतला माणूस आत आहे का तेही बघा.

कंबरतलाव
आणि इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवतात का तेही विचारा ताई. फार महत्त्वाचं आहे.

सिव्हिलजवळ
सुट्या गोळ्यांबद्दलही. स्ट्रिप कापून देताना बॅच आणि एक्सपायरी छापलेलं टोक दुकानात राहतं, आपल्या हातात नुसत्या गोळ्या येतात. स्ट्रिप १०, १४, १५, २०, ३० अशा वेगवेगळ्या येतात, त्यामुळे ३० दिवसांचा हट्ट धरला की कापाकापी होतेच. पूर्ण स्ट्रिप घ्या आणि उरलेल्या पुढच्या महिन्यात धरा. एक्सपायरीला नुसता महिना छापलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत गोळी चालते. इकोस्प्रिनला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती उष्णता-ओलीने बिघडली आहे, टाकून द्या. मेटफॉर्मिन एसआर तोडून किंवा चावून देऊ नका.

पुण्यातून_लेक
सगळ्यांचे आभार. एक विचारते. कोपऱ्यावरच्या दुकानदारांनी आईला सांगितलं, ‘सिरिंज ४० चीच लाल टोपणाची न्या, नारिंगी नको.’ मोठ्या दुकानात फोन केला तर म्हणाले, कुठलीही चालते. खरं काय?

काउंटरपलीकडे
ताई, कुठलीही चालत नाही. ४० च्या बाटलीला ४० ची, लाल टोपणाची सिरिंज. १०० च्या बाटलीला १०० ची, नारिंगी टोपणाची. तुमची ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज घेतली तर २० च्या रेघेवर फक्त ०.२ मिली येतं, म्हणजे ८ युनिट, आणि साखर चढत राहते. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज ही गल्लत त्याहून घातक. २० च्या रेघेवर ०.५ मिली येतं, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. माणूस झोपेत बेशुद्ध होऊ शकतो. ‘कुठलीही’ म्हणणाऱ्याकडून इन्सुलिन घेऊ नका, सूट किती का असेना.

होटगीरोड_७
पेनला हा प्रश्नच येत नाही.

पुण्यातून_लेक
ठरलं. कोपऱ्यावरचंच मेडिकल. काहींनी मोठं दुकान किंवा जनऔषधी सांगितलं, तरी कारणं लिहिते.
तिथे फार्मासिस्ट स्वतः बसतात, प्रमाणपत्रावरचा फोटो त्यांचाच आहे, आणि सिरिंजचं त्यांनी न विचारता सांगितलं. फ्रीजची लाइन वेगळी आहे, रात्री मेन पाडला तरी चालू राहते. इन्व्हर्टर नाही आणि थर्मामीटरही नव्हता. किमान-कमालवाला डिजिटल थर्मामीटर मी घेऊन देणार आहे, ते ठेवायला तयार आहेत आणि सकाळी आकडा वहीत लिहू म्हणाले.
इन्सुलिन घरपोच घेणारच नाही. बाटली साडेबारा दिवस पुरते हा हिशेब इथेच मिळाला. म्हणून तीन बाटल्या एकदम न घेता दर बारा दिवसांनी एक, सकाळी साडेनऊला आई चालत जाऊन आणेल. दुकान दीडशे पावलांवर आहे. डॉक्टरांकडून ‘तीन महिने चालू’ लिहून घेतलं. पाच टक्क्यांत पट्ट्यांसकट सगळं २५०० च्या आत बसतं.

हिशेबी
१८ आणि ५ मधला फरक वर्षाचा किती होतो तेवढं मांडून बघा. २५०० धरले तर महिन्याला ३२५, वर्षाला ३९००.

पुण्यातून_लेक
मांडला होता, दादा. ते ३९०० मी देईन.

काउंटरपलीकडे
चांगलं केलंत. थर्मामीटरची सेन्सरची वायर मधल्या कप्प्यात, बाटल्यांच्या खोक्यांमध्ये ठेवायला सांगा, दाराजवळ नको. रोज सकाळी आकडा लिहून झाल्यावर रीसेटचं बटण दाबायचं, नाहीतर आठवड्यापूर्वीचाच कमाल आकडा दिसत राहतो. वीज सलग दोन-तीन तास गेली तर फ्रीजचं दार उघडायचं नाही. आणि आईंना सांगा, दुकानातून निघताना ४० चा आकडा बाटलीवर एकदा आणि सिरिंजच्या पाकिटावर एकदा वाचायचा.