चाहूल, कुणकुण, वेध, येऊ घातलेला : छोट्या रेल्वेच्या बाजारात नवा उत्पादक येतो तेव्हा

सांधेवाला

नमस्कार. छोट्या रेल्वेच्या, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या लहान प्रतिकृतींच्या, छंदाबद्दल मराठीत लिहितो आहे आणि एका वाक्यापाशी अडलो आहे. एक नवी कंपनी १:१२० या प्रमाणात इंजिने आणि डबे काढणार, असे कानावर आले आहे. जाहीर काहीच नाही. मी लिहिले : "मॉडेल रेल्वेच्या बाजारपेठेत नवीन उत्पादकाच्या प्रवेशाची अपेक्षा आहे."

वाचून पाहिले तर सरकारी परिपत्रक वाटले. ज्या बातमीने माझी झोप उडाली आहे, तिचे वाक्य इतके कोरडे कसे झाले कळत नाही. 'अपेक्षा' खटकते, 'प्रवेश' खटकतो, आणि 'उत्पादक' म्हणावे की 'निर्माता' तेही ठरत नाही. जाणकारांनी मदत करावी.

शाईदौत

आधी 'अपेक्षा' घेऊ. हा शब्द माणसाबद्दल किंवा संस्थेबद्दल आला की त्यात मागणी मिसळते. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" म्हणतो तेव्हा समोरच्याने काहीतरी करायला हवे होते, असे गृहीत असते. तुमच्या कंपनीने अजून तोंडही उघडलेले नाही. तिच्याकडून अपेक्षा कसली करायची?

'प्रतीक्षा' पुस्तकी आहे, आणि तिला पुढचे येणे नक्की झालेले लागते. 'वाट पाहणे' हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात खरोखरची वाट आहे, आणि येणारा जिथून येणार तिकडे डोळे लागलेले आहेत. पण त्यासाठी तो निघाला आहे हे तरी ठाऊक हवे. तुमच्या आजच्या स्थितीला मी 'चाहूल' म्हणेन. चाहूल म्हणजे माणूस दिसत नाही पण पाऊल वाजते. "नव्या उत्पादकाची चाहूल लागली आहे." बघा, झोप उडाल्याचे यात येते का.

पाटीपेन्सिल

चाहूल सुंदर शब्द आहे, पण इथे एक पायरी पुढचा आहे. चाहूल येणाऱ्याच्या स्वतःच्या हालचालीची लागते. पाऊल त्याचे, आवाज त्याचा. सांधेवाल्यांनी जे सांगितले ते कुणीतरी कुणाला तरी सांगितलेले आहे. त्याला मराठीत 'कुणकुण' म्हणतात. कुणकुण लोकांच्या बोलण्यातून लागते, आणि बहुधा अशा गोष्टीची लागते जी संबंधितांना एवढ्यात उघड करायची नसते.

या छंदात हा फरक रोज अनुभवाला येतो. प्रतिकृतीचे आरेखन नेमके व्हावे म्हणून हल्ली संग्रहालयात जतन केलेल्या खऱ्या इंजिनाचे लेझर स्कॅनिंग करतात. एखाद्या जुन्या इंजिनाभोवती माणसे तिपाई लावून मोजमाप घेताना दिसली, तर ती चाहूल. "अमुक मंडळी तमुक इंजिन करणार आहेत म्हणे" ही कुणकुण. तिच्याही खाली 'आवई' असते. ती कुणी उठवली याचा पत्ता लागत नाही आणि पायाही सापडत नाही.

सांधेवाला

पाटीपेन्सिल, हे पटले. माझी आजची अवस्था कुणकुणीचीच आहे.

पण मग त्याच्या उलट बाजूला काय म्हणायचे? म्हणजे कंपनी बोलते, चित्रे दाखवते, आगाऊ नोंदणी घेते, आणि गाडी येतच नाही. काही वर्षांपूर्वी एका लहान कंपनीकडे मी एका इंजिनासाठी हप्ते भरले होते. दर काही महिन्यांनी पत्र येई, त्यात संगणकावरचे नवे आरेखन असे. शेवटी कंपनीच बंद झाली. पैसे गेले त्याचे दुःख कमी झाले, पण ज्या जागी ते इंजिन उभे करायचे म्हणून मी वेगळा सायडिंगचा, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा, रूळ टाकला होता, तो रूळ अजून रिकामा आहे. "फसवणूक" म्हणवत नाही, कारण त्यांना बहुधा खरोखरच ते करायचे होते.

शाईदौत

मला वाटते तुम्हाला 'हूल' हवा आहे. हूल देणे म्हणजे येतो असे भासवून न येणे. आट्यापाट्यांत आणि कबड्डीत हूल देतात, पावसाळ्याच्या तोंडी ढगही देतात. हूल द्यायला वाईट हेतू लागतोच असे नाही. ढगांचा कुठे असतो? "पावसाने हूल दिली" हे वाक्य आपण रागाने म्हणत नाही, खंतावून म्हणतो. तुमच्या रिकाम्या रुळाला तोच सूर हवा.

(पाटीपेन्सिल यांची दुरुस्ती मान्य. मी चाहूल घाईने सुचवला.)

वाघीण

'प्रवेशा'बद्दल कुणीच बोलले नाही म्हणून लिहिते.

बाजारात 'प्रवेश' करता येतो, पण मराठी माणूस सहसा बाजारात 'उतरतो'. आखाड्यात, मैदानात, रिंगणात उतरतो तसाच. उतरणाऱ्याने अंग झाडून तयारी केलेली असते आणि समोर कुणीतरी आधीच उभा असतो, हे सगळे त्या एका क्रियापदात येते. इथे ते चपखल बसते, कारण ही बाजारपेठ कधीच रिकामी नसते. २०१५ च्या सुमारास ऑक्सफर्ड रेल हे नाव ब्रिटिश गाड्यांच्या बाजारात उतरले. त्यांनी अॅडम्स रेडियल हे पाण्याची टाकी अंगावरच असलेले छोटे इंजिन निवडले, आणि हॉर्नबी या जुन्या ब्रिटिश कंपनीनेही त्याच सुमारास तेच काढले. लंडन अँड साऊथ वेस्टर्न रेल्वेच्या जमान्यातले ते इंजिन, त्यातली तीन इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या वळणावळणांच्या शाखेवर १९६१ पर्यंत चालत राहिली. इतकी वर्षे ज्याची चांगली प्रतिकृती हाती येत नव्हती, त्याच्या दोन एकदम समोर आल्या. 'प्रवेश' या शब्दात ही झुंज मावत नाही.

'शिरकाव' मात्र टाळा. शिरकाव रोगाचा, शत्रूचा, नको असलेल्याचा होतो. आधीपासून बस्तान असलेल्या कंपनीच्या तोंडी तो शोभेल, छंदिष्टाच्या नाही. 'पदार्पण' गोड आहे, पण मंचावरचे आहे.

अजून एक. 'नवा' आणि 'नवखा' यांत गल्लत होऊ देऊ नका. कॅनडातली रॅपिडो ट्रेन्स ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावाने विक्रीला उतरली तेव्हा त्या बाजाराला ती नवी होती, पण नवखी मुळीच नव्हती. त्याआधी तिने दुसऱ्यांच्या मागणीवरून ब्रिटिश गाड्यांच्या प्रतिकृती घडवूनही दिल्या होत्या. नवखा तो, ज्याला पहिल्या गाडीचे चाक रुळावरून का उतरते हे अजून शिकायचे आहे.

पाटीपेन्सिल

"दुसऱ्यांच्या मागणीवरून घडवून दिल्या" हे वाघीणताईंनी सहज लिहिले, पण सांधेवाल्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

या क्षेत्रात नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा असणे ही रोजची गोष्ट आहे. मेर्कलिन या जर्मन कंपनीचे कारखाने तिचे स्वतःचे, जर्मनीत ग्योपिंगेनला आणि हंगेरीत ग्योरला. हॉर्नबीने १९९० च्या दशकात उत्पादन चीनमध्ये हलवले, आणि तिथे ते दुसऱ्यांच्या कारखान्यांत होते. बाखमन या अमेरिकन कंपनीची गोष्ट उलटी आहे. तिथे हाँगकाँगचा कारखानदार केडर यानेच १९८७ मध्ये नाव विकत घेतले. आता या तिघांना एकच 'उत्पादक' शब्द लावला तर काय सांगितले?

आपल्या भाषेला हा भेद क्रियापदातच ठाऊक आहे. करणे आणि करवणे. घडवणे आणि घडवून घेणे. 'कर्ता-करविता' ही जोडी आपण देवाबद्दल बोलताना वापरतो, पण ती इथेही नेमकी आहे. नवी कंपनी बहुतेक वेळा करविती असते. इंजिन कोणते, संशोधन कोणते, आरेखन कसे, चाकाचा आरा किती बारीक, हे ती ठरवते. साचे कापून ओतकाम करणारे हात दुसऱ्याचे असतात. म्हणून नुसत्या नावाने उतरणाऱ्याला मी 'निर्माता' म्हणेन. चित्रपटाच्या निर्मात्याने कॅमेरा हातात धरलेला नसतो, तरी तो निर्माताच. ज्याचा स्वतःचा कारखाना आहे तो 'उत्पादक'. 'कारखानदार' सरळ आहे, पण त्यात यंत्रांची घरघर आहे आणि कलेचा भाग बाहेर राहतो.

शाईदौत

करवित्याचा मुद्दा मान्य, पण 'निर्माता' इथे घोटाळा करेल असे वाटते. वाचकाच्या मनात लगेच पडदा उभा राहतो. सामान्य वाचकासाठी 'उत्पादक' राहू द्यावा आणि गरज पडेल तिथे "कारखाना स्वतःचा नाही" असे साध्या वाक्यात सांगावे. एका शब्दात सगळे कोंबायची आवश्यकता नसते.

पाटीपेन्सिल

यावर आपले एकमत होणार नाही. असो.

वाघीण

'मॉडेल'लाही हात लावू का? काही जण 'नमुना रेल्वे' लिहितात. ते नको. नमुना म्हणजे मालाच्या राशीतून दाखवायला काढलेली वस्तू. आणि या धंद्यात नमुन्याला स्वतःची जागा आहे. साचा तयार झाला की त्यातून पहिले भाग काढून जोडतात, ते बिनरंगाचे, हाती असेल त्या प्लॅस्टिकचे. तो 'पहिला नमुना'. त्यात चुका सापडतात, साचा दुरुस्त होतो. मग रंग आणि अक्षरे चढवलेला नमुना येतो. नमुना शब्द तिथे खर्चायचा आहे, म्हणून छंदासाठी 'प्रतिकृती रेल्वे' किंवा तुमचे 'छोटी रेल्वे' बरे.

माझ्या नावाबद्दल दोघांनी विचारले होते. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. 'वॅगन'ला मराठी जिभेने आपल्या रानात आणले आणि तिला लिंग, वचन, विभक्ती सगळे दिले. वाघिणी, वाघिणींमधून, वाघिणीत. परका शब्द इतका घरचा झालेला पाहून मला दरवेळी आनंद होतो. सांधेवाल्यांचे नावही तसेच. रुळांचा सांधा बदलून गाडीला दुसऱ्या मार्गावर घालणारा माणूस. हे शब्द प्रतिकृतीच्या लिखाणात जरूर वापरा. 'पॉइंट्स' लिहायचे कारणच नाही.

पाटीपेन्सिल

सांधेवाल्यांनी वर १:१२० 'प्रमाण' लिहिले त्याबद्दल शाबासकी. बहुतेक लिखाणात स्केल आणि गेज यांची खिचडी झालेली असते.

नकाशाला असते ते प्रमाण : खऱ्या वस्तूच्या किती पट लहान. दोन रुळांमधले अंतर ते 'माप'. रुंदमापी, अरुंदमापी हे शब्द आपल्याकडे आहेतच. छोट्या रेल्वेच्या प्रकारांना अक्षरांची नावे आहेत. एचओ म्हणजे प्रमाण १:८७, माप १६.५ मिलिमीटर. गुणाकार करा, खऱ्या रुळांचे १,४३५ मिलिमीटर येतात. ब्रिटिश ओओचे माप तेच १६.५, पण प्रमाण १:७६. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान, त्यांत त्या काळच्या मोटरी मावेनात, म्हणून गाडी मोठी केली आणि रूळ तेच ठेवले. परिणामी तिथली गाडी जरा अरुंद रुळांवर उभी असल्यासारखी दिसते, आणि एकदा ते डोळ्यांना कळले की दिसायचे थांबत नाही.

म्हणून २०२२ मध्ये पेको आणि हॉर्नबी या दोन्ही ब्रिटिश कंपन्यांनी ब्रिटिश गाड्यांसाठी टीटी हा प्रकार १:१२० प्रमाणात जाहीर केला तेव्हा इतका हर्ष झाला. माप १२ मिलिमीटर. गुणाकार १,४४०. रूळ आणि गाडी एकमेकांशी खरे बोलतात. १९५७ मध्ये ट्रायअँग या ब्रिटिश कंपनीने टीटी आणले होते तेव्हाही माप १२ च होते, पण प्रमाण साधारण १:१०२, म्हणजे जुनाच तिढा. तुमची नवी कंपनी कोणते टीटी म्हणते हे प्रमाणावरून ओळखायचे, त्या दोन अक्षरांवरून नव्हे.

शाईदौत

मूळ वाक्याकडे येतो. दोन शब्द सुचवायचे राहिले.

एक 'वेध'. वेध लागणे हे ग्रहणाच्या आधीच्या काळावरून आले. ग्रहण अजून लागलेले नाही, तरी त्याचा अंमल सुरू झालेला असतो. वेधांना घटका ठरलेली लागते. म्हणून कंपनीने महिना सांगितला, नोंदणी उघडली, की वेध लागले म्हणा. त्याआधी नको. आणि 'वेध घेणे' पूर्ण वेगळे, त्यात नेम आहे.

दुसरा, आणि माझ्या मते तुम्हाला हवा तो : 'येऊ घातलेला'. होऊ घातलेले लग्न, येऊ घातलेली निवडणूक. हे 'घालणे' इथे मूळ अर्थ टाकून उंबरठा दाखवते. गोष्ट घडलेली नाही, पण घडण्याची सामग्री जमली आहे. यात कुणाकडे मागणी नाही, पोकळ आशाही नाही. मात्र सामग्री दिसल्याशिवाय वापरू नये. कुणकुणीवर 'येऊ घातलेला' लिहिले तर उद्या हूल बसल्यावर वाक्य तुमच्याच अंगावर येईल.

सांधेवाला

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे लिहून ठेवले होते :

"छोट्या रेल्वेच्या बाजारात एक नवा उत्पादक उतरणार असल्याची कुणकुण लागली आहे."

आज सकाळी त्या कंपनीने पहिल्या नमुन्याचे छायाचित्र दाखवले. राखाडी प्लॅस्टिकचा, रंग नाही, अक्षरे नाहीत, एका बाजूची पायरी जरा वाकडी बसलेली. पण साचा कापलेला आहे. मी छायाचित्र मोठे करून चाकांचे आरे मोजले, खऱ्या इंजिनाइतकेच भरले. तारीख सांगितलेली नाही, त्यामुळे वेध म्हणणार नाही. वाक्य बदलले :

"छोट्या रेल्वेच्या बाजारात येऊ घातलेल्या नव्या उत्पादकाने आपला पहिला नमुना दाखवला आहे."

आणि त्या रिकाम्या रुळावरची धूळ आज पुसली.